चार वर्षांचा मुलगा, गुडघेदुखीवाल्या सासूबाई आणि मे महिन्यातलं कोकण: टेन्शन कमी कसं करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून मे महिन्यात पाच दिवस कोकणात जायचंय, मुलगा चार वर्षांचा, मुलगी नऊची, सोबत सासू-सासरे, सासूबाईंचे गुडघे दुखतात, घरची सात सीटर गाडी आहे, नवरा चालवणार. मागच्या सुट्टीत सहा दिवसांत गणपतीपुळे, मालवण, गोवा सगळं उरकलं आणि घरी आल्यावर अर्धं घर आजारी, उरलेलं अर्धं एकमेकांशी बोलत नव्हतं. यावेळी टेन्शन नकोय. आणि सोबत जी यादी पाठवलीय तिच्यात दापोली, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली, चारही आहेत.

ताई, आम्ही नवरा-बायको बरीच वर्षं पुण्यातून फॅमिली ग्रुप घेऊन कोकणात जातोय, त्यातले बहुतेक तुमच्यासारखेच, दोन लहान मुलं, दोन ज्येष्ठ आणि मधे अडकलेले दोघं. तर सगळ्यात आधी या यादीतली तीन नावं खोडा. एकच मुक्काम करा, चार रात्री, तीच खोली, तोच पलंग, त्याच काकू जेवायला वाढणार. दर चेकआउटमागे अर्धा दिवस जातो हे प्लॅन करताना कोणीच धरत नाही, सकाळी बॅगा भरा, चार्जर शोधा, ओले कपडे पिशवीत कोंबा, दहाला खोली सोडा, पुढच्या ठिकाणी एक-दोनच्या आत खोली ताब्यात मिळत नाही, आणि त्या मधल्या वेळात उन्हात उभ्या गाडीत भुकेला चार वर्षांचा मुलगा. मागच्या वेळी तुमची जी भांडणं झाली ती बहुतेक सगळी सकाळी दहा ते दुपारी दोन याच वेळात झाली असणार, आठवून बघा.

चारांतलं दापोली ठेवा असं मी म्हणेन, आणि कारण एकदम साधं आहे, अंतर. पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, गोरेगाव (रायगडमधलं), आंबेत, मंडणगड असं गेलात तर साधारण १९० किलोमीटर, मुलं असली की थांबत थांबत सात तास धरा. तारकर्लीला न थांबता गेलं तरी आठ-नऊ तास लागतात, म्हणजे पाचातले दोन दिवस नुसते गाडीत. गणपतीपुळ्याला देऊळ समुद्राला लागूनच आहे, सासूबाईंना आवडेल, पण तिथलं पाणी पोहायला चांगलं नाही, दरवर्षी लोक बुडतात आणि मे महिन्यात गर्दीत लहान मुलाचा हात धरून ठेवण्यातच दिवस जातो. गुहागर मला स्वतःला दापोलीपेक्षाही आवडतं, किनारा लांबलचक, गाव शांत, व्याडेश्वर गावातच, पण चार वर्षांच्या मुलाला तो जास्तीचा दीड-दोन तास जड जातो. पुढच्या वर्षी जा.

आता दापोली म्हणजे दापोली गावात राहायचं नाही. हा घोळ बरेच जण करतात, ऑनलाइन 'दापोली' टाकून खोली बुक करतात आणि पोचल्यावर कळतं की गाव वरती डोंगरावर आहे आणि समुद्र दहा-बारा किलोमीटरवर. कर्दे, मुरूड (दापोलीजवळचं, जंजिऱ्याचं नाही) किंवा आंजर्ले इथे बघा, आणि खोलीपासून वाळूपर्यंत चालत पाच मिनिटांच्या वर नको. हे मी चैन म्हणून सांगत नाहीये. मुलगा वाळूत खेळता खेळता एकदम म्हणणार शी आली, तेव्हा खोली जवळ असली की निम्मं टेन्शन संपतं, आणि सासूबाईंना पाय दुखले तर त्या एकट्या परत जाऊ शकतात, सगळ्यांना उठावं लागत नाही.

घरगुती राहायची सोय घ्या, रिसॉर्ट नको. रिसॉर्टमध्ये स्विमिंग पूल असतो आणि मग मुलं समुद्र सोडून दिवसभर त्या क्लोरीनमध्ये बसतात, त्यासाठी ताम्हिणी उतरायची काय गरज. पण घरगुती सोय म्हटलं की फोनवर काही गोष्टी स्पष्ट विचारायच्या, लाजायचं नाही. खोली तळमजल्याला आहे का. संडास कमोडचा आहे का (सासूबाईंसाठी हा पहिला प्रश्न, एसी नंतर). लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का, कारण मे महिन्यात वादळी पाऊस आला की तासन् तास लाइट जाते आणि त्या दमट उकाड्यात पंखा नसेल तर लहान मूल झोपत नाही, मग कोणीच झोपत नाही. आणि जो प्रश्न सहसा कोणी विचारत नाही तो म्हणजे आवारात विहीर आहे का आणि तिला कठडा-जाळी आहे का. कोकणातल्या जुन्या वाड्यांमधे विहिरीचा कठडा कधी कधी गुडघ्याएवढाच असतो, घरच्या मुलांना सवय असते, शहरातल्या पोराला विहिरीत डोकावून स्वतःचा आवाज ऐकायची भारी हौस. पोचल्या पोचल्या बॅगा उतरवायच्या आधी मी आवारात एक चक्कर मारते, विहीर कुठे, गेट रस्त्यावर उघडतं का, कुत्रा बांधलेला आहे का, आणि झोपाळा. ओटीवरच्या झोपाळ्याच्या कड्यांमधे बोट सापडलं तर नख जातं, तेव्हा मुलांना पहिल्याच दिवशी हात कुठे धरायचा ते दाखवून द्या, मग चार दिवस झोपाळ्यावर फुकटात करमणूक.

प्रवास. तुमच्या ट्रिपमधला सगळ्यात अवघड भाग हाच आहे, बाकी सगळं सोपं. सकाळी साडेपाचला निघा, मुलांना झोपेतच उचलून गाडीत ठेवा, कपडे आदल्या रात्रीच प्रवासाचे घालून झोपवा. मुळशीपर्यंत ती झोपतील, घाट सुरू होईल तेव्हा उजाडलेलं असेल आणि तेव्हाच खरा धोका. गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सगळ्यात जास्त होतो. कान सांगतो आपण हलतोय, डोळे सांगतात पुढची सीट हलत नाहीये, या गोंधळात पोट ढवळतं. म्हणून घाटात मोबाइल पूर्ण बंद. मी मोबाइलविरोधी वगैरे नाही, दुपारी खोलीवर अर्धा तास बघू दे की, पण वळणावळणाच्या रस्त्यावर खाली मान घालून कार्टून म्हणजे ओकारीला आमंत्रण. मुलाला पुढच्या काचेतून रस्ता दिसेल अशी सीट द्या, मधल्या रांगेत, पुढे मांडीवर घेऊन अजिबात नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीपासून हजार रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा, घाटात अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल हातात राहत नाही.

निघताना दूध देऊ नका. घरातल्या ज्येष्ठ मंडळींना हे पटत नाही, 'उपाशीपोटी कसं न्यायचं पोराला' म्हणून ग्लासभर दूध पाजतात आणि तेच दूध ताम्हिणीत सीटवर येतं. कोरडं काहीतरी द्या, खाकरा, कुरमुरे, एखादं बिस्कीट, मोठ्या मुलीला आलेपाकाची वडी चघळायला चालेल. मागे कधी गाडी लागल्याचा अनुभव असेल तर निघायच्या आधी तुमच्या मुलांच्या डॉक्टरांकडून औषध लिहून घ्या, आणि ते घाट यायच्या आधी द्यायचं असतं, मळमळ सुरू झाल्यावर दिलं तर तेही बाहेर येतं. गाडीत झाकणाचा रिकामा डबा ठेवा, श्रीखंडाचा असतो तसा. प्लॅस्टिकची पिशवी ऐन वेळी उघडत नाही, उघडली तर तिला भोक असतं. डबा, एक ओला नॅपकिन, मुलाचा एक जोड कपडे आणि ज्याच्या शेजारी मूल बसलंय त्याचाही एक शर्ट, हे सगळं डिकीत बॅगेच्या तळाशी नाही तर पायाशी. नवऱ्याला सांगा घाटात स्पीड नको, ओव्हरटेक नको, वीस मिनिटं उशिरा पोचू. खरा नाश्ता घाट उतरल्यावर माणगावच्या आसपास करा, तोपर्यंत साडेआठ वाजलेले असतात, गरम पोहे नाहीतर इडली, आणि तिथे मुलांना अर्धा तास पळू द्या. पुढे आंबेत-मंडणगडचा रस्ताही वळणांचाच आहे, तेव्हा नाश्ता झाला म्हणून लगेच मोबाइल हातात नको.

पोचाल दुपारी साडेबारा-एकला. जेवायचं आधीच सांगून ठेवा. पहिल्या दिवशी कुठेही जायचं नाही, काहीच बघायचं नाही, संध्याकाळी फक्त वाळूवर.

आता रोजचा दिवस कसा लावायचा. आमचा नियम एक आहे, दिवसाला एकच गोष्ट, आणि ती सकाळी दहाच्या आत संपणारी किंवा संध्याकाळी साडेचारनंतर सुरू होणारी. मधला वेळ जेवण, झोप, पत्ते, झोपाळा. मे महिन्यात किनाऱ्यावर तापमान ३३-३४ च असतं, विदर्भाच्या मानाने काहीच नाही, पण हवा एवढी दमट की घाम वाळत नाही आणि मुलं तासाभरात गळून जातात. तुमची नऊ वर्षांची कदाचित म्हणेल बोअर होतंय. होऊ दे. दोन दिवसांत ती कोणाच्या तरी मागे चिंचा नाहीतर रातांबे गोळा करायला जाईल. मोठेच जास्त अस्वस्थ होतात खरं तर, 'एवढे पैसे भरून आलोय आणि दुपारभर लोळायचं?' हे वाक्य मी दर ग्रुपमधे ऐकते, आणि ते बहुतेक वेळा बाबाच म्हणतात, आणि मग दुपारी दोनला पन्हाळेकाजीची लेणी बघायला निघतात. लेणी सुंदर आहेत, २९ लेणी, नदीकाठी, पण मे महिन्यातल्या दुपारी चार वर्षांच्या मुलाला घेऊन नाही. डिसेंबरात जा.

पोचायचा आणि परतीचा दिवस सोडला तर मधे तीन दिवस उरतात, त्यांच्यासाठी मी काय सुचवेन ते सांगते. एक सकाळ आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. सासूबाईंना पायऱ्यांचं टेन्शन असेल तर गाडी वर देवळाजवळ जाते, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न नाही, मुलांना देवळाजवळच्या तळ्यातले मासे-कासवं बघायला आवडतात, आणि वरून समुद्र आणि हर्णैच्या बाजूचा सुवर्णदुर्ग दिसतो. तो किल्ला २०२५ मधे युनेस्कोच्या यादीत आला, मुलीला सांगा, शाळेत सांगायला बरं. प्रत्यक्ष किल्ल्यात जायचं तर हर्णैहून होडी, आणि तिथे उतरताना गुडघाभर पाण्यात उतरायची तयारी ठेवावी लागते, त्यामुळे सासूबाई आणि धाकटा नकोत. बाबा आणि मुलगी दोघंच गेले तर झकास, दोघांनाही बरं वाटेल, पण होडीवाल्याकडे मुलीच्या मापाचं लाइफ जॅकेट असेल तरच. मोठ्यांचं जॅकेट नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरून निसटतं. घालून, पट्टे आवळून, खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत वर आलं तर ते तिच्या कामाचं नाही. हेच डॉल्फिन बघायच्या होडीलाही.

एक संध्याकाळ हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव. शाकाहारी असलात तरी जा असं मी म्हणेन, वास सहन होत असेल तर. बोटी यायला लागतात, छोट्या होड्यांतून टोपल्या आणि बैलगाड्यांतूनही माल किनाऱ्यावर येतो, वाळूवरच ढीग लागतात, सुरमई, पापलेट, बांगडा, हलवा, कोळंबी, मधेच एखादा वाघळीसारखा चपटा मासा, आणि कोळणी बोली लावताना जे काही बोलतात ते मोठ्यांनाही अर्धंच कळतं. एका ग्रुपमधली एक मुलगी वहीत माशांची चित्रं काढत बसली होती, तर एका मावशींनी लिलाव थांबवून तिच्यासमोर एकेक मासा धरून नाव सांगितलं आणि शेपटी नीट काढ म्हणून दमही दिला. पाच ते साडेसहा मुलं हलत नाहीत तिथून. धाकट्याला खांद्यावर घ्या, कारण बर्फाच्या आणि माशांच्या टोपल्या घेऊन लोक पळत असतात, ते खाली बघत नाहीत. चपला जुन्या घाला, वास दोन दिवस जात नाही.

एक दिवस दाभोळला जाऊन फेरीबोट. गाडी बोटीत चढते हेच मुलांना खरं वाटत नाही. पलीकडे धोपावे, दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास, पलीकडे उतरून सरबत प्यायचं आणि तसंच परत यायचं. बाकी काही नाही केलं तरी चालतं. 'आलोच आहोत तर गुहागर करून येऊ' हे वाक्य तेवढं कोणी बोलू नका.

या तिन्हींतल्या दोनच गोष्टी निवडा आणि उरलेला दिवस रिकामा ठेवा, प्लॅनमधे मुद्दाम. कोणाचं तरी पोट बिघडतं, पाऊस येतो, किंवा मुलांना आधीच्या दिवशीचीच गोष्ट परत करायची असते.

समुद्राबद्दल मात्र मी कडक आहे आणि इथे जरा लांब लिहिणार आहे. भरती-ओहोटी बघितल्याशिवाय पाण्यात जायचं नाही. अॅपवर वेळा मिळतात, पण सासरे सोबत आहेत आणि घरात कालनिर्णय असेलच, तर हे काम आजोबा आणि नात दोघांना द्या. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे दुपारी साडेचारच्या सुमाराला पाणी पूर्ण भरलेलं, आणि त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी-नंतर ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी साडेपाचला पाणी लांब गेलेलं. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. मिनिटाला मिनिट जुळत नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस ठरवायला पुरतं. यावरून कळतं की अष्टमीच्या आसपास गेलात तर संध्याकाळी सहालाच पाणी वरपर्यंत असणार, वाळू कमी, तेव्हा मुलांचं खेळणं सकाळी ठेवा. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी मोठ्ठं सपाट पुळण मिळतं, किल्ले बांधायला, क्रिकेटला मस्त, पण त्या दिवसांत उधाण असतं, पाणी जेवढं लांब जातं तेवढंच जोरात परत येतं, त्यामुळे खडकांच्या टोकाला शिंपले शोधत लांब जायचं नाही. आणि ओहोटी लागलेली असताना पोहायचं नाही, पाणी आत ओढतं. नात चार दिवस हा हिशोब करेल आणि बरोबर आला की उड्या मारेल, शिवाय पाऊणकीचा पाढा पाठ होईल तो वेगळाच.

पाण्यात मुलांना त्यांच्या गुडघ्यापर्यंत, तुमच्या नाही. आणि एका वेळी एका मोठ्या माणसाची ड्युटी, तोंडाने बोलून लावायची, 'आता माझी ड्युटी' असं. ड्युटीवरचा माणूस फोन दुसऱ्याकडे देतो, मुलांच्या आणि समुद्राच्या मधे उभा राहतो, गप्पा मारत नाही, अर्ध्या तासाने दुसरा येतो. चार मोठी माणसं किनाऱ्यावर असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय, आणि बघत कोणीच नसतं. कर्द्याला, मुरूडला वॉटर स्पोर्ट्सवाले असतात, पॅरासेलिंग वगैरे, चार वर्षांच्या मुलाला बसवून देतो म्हणतील, नाही म्हणा. मे अखेरीला समुद्र खवळायला लागतो आणि ही सगळी कामं पावसाळ्यासाठी बंद होतात, त्यामुळे तुमच्या तारखा शक्यतो मेच्या पहिल्या पंधरवड्यातल्या धरा. एक मेला जोडून येणारा वीकएंड टाळा, रविवारी जाऊन गुरुवारी परत या, रस्ता रिकामा, खोली स्वस्त.

खाण्याचं. काकूंना आदल्या रात्री सांगायचं की उद्या सकाळी धाकट्याला मऊ भात, तूप, मेतकूट. सकाळी उठून सांगितलं तर तोपर्यंत घावणे-आंबोळ्यांचं पीठ तव्यावर गेलेलं असतं. जेवण सगळ्यांचं एकला असेल तर मुलांना बाराला वाढा म्हणायचं, रात्री सातला, कोणी नाही म्हणत नाही, नुसतं विचारायचं असतं. सोलकढीत मिरची-लसूण असते, मुलांसाठी त्याआधीची बाजूला काढून ठेवायला सांगा. आंबे मात्र मोजून. आमच्या ग्रुपमधे मे महिन्यात जी पोटं बिघडतात त्यातली निम्मी आंब्याने, आल्या दिवशी मुलं पाच-पाच हापूस खातात, वर फणसाचे गरे, वर पाणी. घरून मेतकुटाची बाटली, थोडा खाऊ आणि धाकट्याची रोजची चादर किंवा गोधडी घ्या. नवीन जागी पहिल्या रात्री त्या वासाची गोधडी असली की अर्ध्या तासात झोपतो.

औषधांची पिशवी छोटी पण डोकं लावून भरा. पॅरासिटामॉल घेताना एक गोष्ट नक्की बघा, थेंबांची बाटली, १२० चं सिरप आणि २५० चं सिरप यांची ताकद वेगवेगळी असते, घरी पाच मिली देत होतात म्हणून दापोलीच्या दुकानातून घेतलेल्या दुसऱ्या बाटलीतून पाच मिली दिलं तर डोस दुप्पट होऊ शकतो. तुमचीच बाटली न्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमधे ठेवा. ओआरएसची पुडी घ्या, मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, अर्धी पुडी अर्ध्या पेल्यात असं अंदाजपंचे करायचं नाही. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानात मिळणारी गोड फळांच्या चवीची टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे. डासांसाठी मच्छरदाणी असलेलीच खोली घ्या. सकाळी चपला-बूट झटकून घालायचे, मुलांनाही सवय लावा, कोकणात लाल विंचू असतो. घाबरवत नाहीये, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावरच आयुष्यभर काम केलं, प्राझोसिन गोळीने विंचूदंशाचे मृत्यू खूप कमी झाले, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उपचार आहे. पण मुलाला चावला तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ दापोलीच्या सरकारी दवाखान्यात, किंवा १०८ ला फोन. आणि फोनवरून आठवलं, किनाऱ्यावर नेटवर्क कुठे असतं कुठे नसतं, त्यामुळे हातात थोडी रोख ठेवा आणि पेट्रोल दापोलीत भरून घ्या.

आता तो भाग जो तुम्ही प्रश्नात लिहिला नाहीये पण ओळींमधे दिसतोय. सुट्टीत सगळे आराम करतात आणि तुम्ही फक्त जागा बदलून तेच काम करता, बॅगा तुम्ही भरणार, औषधं तुम्ही लक्षात ठेवणार, सासूबाईंचा चहा, मुलाचे ओले कपडे, आणि मग संध्याकाळी सगळ्यांनी विचारायचं 'तुझं तोंड का उतरलंय?' यावर उपाय निघायच्या आधी घरी बसून करायचा, तिथे जाऊन नाही, तिथे केला की त्याचं भांडण होतं. कामं नावानिशी वाटा. नवऱ्याकडे गाडी आहेच, पण सकाळी सहा ते आठ धाकटाही त्यांचा, मुलं सहालाच उठतात, दोघांनी वाळूवर चक्कर मारून यावं, तुम्ही झोपा. मुलीकडे तिची स्वतःची छोटी बॅग आणि रोजचा खर्च वहीत लिहायचं काम, या वयाला हे फार आवडतं, ती बाबांना सरबताचाही हिशोब मागेल. सासऱ्यांकडे भरती-ओहोटी आणि दुपारचे पत्ते. सासूबाईंना एक दुपार सांगून मोकळी द्या, त्या सोबत आल्या म्हणजे फुकटची पाळणाघराची सोय नाही, पण एका संध्याकाळी तास-दीड तास त्यांनी मुलांना बघावं आणि तुम्ही दोघं चालत फिरून या, असं आधी विचारलंत तर त्या आनंदाने करतील. ऐन वेळी मुलं त्यांच्या अंगावर सोडून गेलात तर मात्र रात्री गुडघे जास्त दुखणार.

आणि मुलांच्या वागण्याचं, घरी जे नियम आहेत त्यातले दोन-तीनच तिथे ठेवा. पाण्याजवळ एकटं जायचं नाही, जेवायच्या आधी हात धुवायचे, झोपायची वेळ साधारण तीच. बाकी भात सांडला, शर्ट मळला, दोन वेळा आइस्क्रीम झालं, सोडून द्या. आजी लाडू देते म्हणून आजीशी वाद घालायची ही जागा नाही.

परतीचा दिवस गुरुवार धरला तर सकाळी नाश्ता करून आठला निघा, उन्हाच्या आत घाटाच्या पायथ्याशी, चारपर्यंत घरी. वाटेत काहीही बघायचं नाही, रायगड जवळ आहे वगैरे कोणी सुचवेल, नाही. रात्रीच्या जेवणाचा डबा आधीच सांगून ठेवा किंवा खिचडी टाका. शुक्रवारची सुट्टी नवऱ्याने आणि तुम्ही दोघांनीही घ्या, कपडे धुवायला, वाळू झटकायला आणि झोपायला. ही एक सुट्टी वाचवण्यासाठी लोक रविवारी रात्री अकराला घरी पोचतात आणि सोमवारी सकाळी ऑफिसला, मग आजारी नाही पडणार तर काय.

खोलीचं मात्र आत्ताच बघा. तळमजला, कमोड आणि वाळू जवळ, या तिन्ही असलेल्या खोल्या प्रत्येक वाडीत एक-दोनच असतात, आणि आजी-आजोबा घेऊन येणारे सगळे त्याच मागतात.